ओल गेली, पण सिमेंट काढल्यावर

फ्रान्समधल्या क्रझ भागातलं आमचं घर ग्रॅनाइटचं, भिंती जवळजवळ 60 सेंटीमीटर जाड. स्वयंपाकघराच्या उत्तरेकडच्या भिंतीला कमरेपर्यंत ओल. दोनदा रंग दिला, दोन्ही वेळा पोपडे धरले.

शेजारच्या आजोबांनी भिंतीवर टकटक केलं. पोकळ आवाज. "सिमेंट काढा," एवढंच म्हणाले. जुन्या दगडी भिंतीत जमिनीतून ओल चढते आणि सिमेंटचा गिलावा तिची बाहेर पडायची वाटच अडवतो.

छिन्नी-हातोडी घेऊन आम्हा दोघांना तीन शनिवार-रविवार लागले. आत दगडांमधली माती ओल्या गुळासारखी बोटाला चिकटत होती. भिंत नीट सुकू दिली, दरजा उकरल्या, पाणी मारलं आणि चुन्याचा गिलावा केला: एनएचएल 3.5 चुना (पाण्याने घट्ट होणारा नैसर्गिक चुना) एक भाग, वाळू अडीच भाग, तीन हातांत. घाई अजिबात नको. पारा 5 अंशांखाली जाणार असेल तर काम थांबवाच. बाहेर भिंतीला टेकून साचलेली मातीही खणून काढली. ते तितकंच गरजेचं.

या हिवाळ्यात भिंत कोरडी आहे, कुबट वासही गेला. सासऱ्यांना फोटो पाठवला. म्हणाले, "अगं, आपल्या वाड्यालाही चुनाच होता की!"