नायट्रो गाडीचं इंजिन कुरकुरतंय? नीडल फिरवण्याआधी हे तपासा

नायट्रो गाडी म्हणजे मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनच्या इंधनावर पळणारी छोटी रिमोट कंट्रोल गाडी. तिचं इंजिन सुरू होईना की हात आधी कार्ब्युरेटरच्या स्क्रूकडे जातो. तो आवरा. काल नीट पळालेली गाडी आज अडली असेल, तर नीडलचं, म्हणजे इंधनाचं प्रमाण ठरवणाऱ्या स्क्रूचं, सेटिंग रातोरात बिघडण्याची शक्यता कमीच. दोष बहुधा प्लगमध्ये, इंधनात किंवा कुठून तरी आत शिरणाऱ्या हवेत असतो. तो न शोधता तिन्ही स्क्रू फिरवले की एका बिघाडाचे दोन होतात. पुढचं सगळं १/८ मापाच्या बग्गीतल्या २१ साइजच्या, म्हणजे ३.५ सीसीच्या, पुल स्टार्ट (दोरी ओढून सुरू होणाऱ्या) इंजिनाला धरून आहे.

पहिला संशय ग्लो प्लगवर, म्हणजे तापलेल्या तारेने इंधन पेटवणाऱ्या प्लगवर, घ्या. प्लग काढून इग्नायटरला (तार तापवणाऱ्या सेलच्या दांडीला) लावा. तार झळझळीत केशरी पेटली पाहिजे. मंद लाल दिसली तर आधी इग्नायटर चार्ज करून पुन्हा बघा, कारण अर्धवट उतरलेला सेल चांगल्या प्लगलाही बदनाम करतो. तार वेडीवाकडी झाली असेल तर मिक्श्चर लीन (इंधन कमी, हवा जास्त) आहे किंवा इंजिन तापतंय. तारेवर धातूचे बारीक कण चिकटलेले दिसले तर मात्र थांबा. बेअरिंग किंवा कनेक्टिंग रॉड झिजतोय. इंजिन उघडल्याशिवाय पुन्हा चालवू नका. नवा प्लग बसवताना तांब्याचा वॉशर विसरू नका.

दोरी ओढताना मध्येच अडकली तर जोर लावू नका. इंजिन फ्लड झालंय, म्हणजे पिस्टनवर इंधन साचलंय, आणि द्रव दाबला जात नाही. ओढाओढ केली की दोरी तुटते, नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, गाडी उलटी धरा, प्लगच्या भोकावर फडकं ठेवून पाच-सहा वेळा दोरी ओढा. इग्नायटर तेव्हा लांब ठेवा: मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसतही नाही. मिथेनॉल विषारी आहे, त्यामुळे तोंडाने नळी ओढून इंधन कधीच काढू नका.

इंधनाकडे फार कमी लोक बघतात. मिथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेतं. पावसाळ्यात, त्यातही कोकणपट्टीत, अर्धा कॅन सैल झाकणाने पडून राहिला तर ते इंधन गेलंच समजा. मग सेटिंग कितीही करा, दहा मिनिटं टिकत नाही. नवा सीलबंद कॅन उघडून बघा. बऱ्याच गाड्यांचं दुखणं तिथेच संपतं.

स्लोला, म्हणजे थ्रॉटल न देता, इंजिन स्थिर राहत नाही, थ्रॉटल सोडला तरी रेस उतरायला वेळ लागतो, ही बाहेरून हवा शिरण्याची खूण. टाकीपासून सुरुवात करा. कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी बोटाने बंद करून टाकी पाण्यात बुडवा आणि सायलेन्सरकडून येणाऱ्या प्रेशर नळीला स्वच्छ नळी जोडून फुंका. झाकणाच्या कडेने बुडबुडे आले तर रबर सील बदला. नंतर इंधनाच्या नळ्यांना चिरा आहेत का, कार्ब्युरेटरच्या मानेखालची ओ-रिंग आणि इंजिनाच्या मागच्या झाकणाचं सील शाबूत आहे का, ते बघा.

इतकं झाल्यावरच ट्यूनिंग. इंजिन गरम करून घ्या. आधी हाय नीडल (पूर्ण थ्रॉटलसाठी), मग लो (कमी थ्रॉटलसाठी), शेवटी स्लोचा स्क्रू. नीडल उजवीकडे फिरवली की लीन, डावीकडे रिच (इंधन जास्त). एका वेळी घड्याळाच्या एका तासाएवढंच, म्हणजे १/१२ फेरा. पूर्ण थ्रॉटलला पातळ निळसर धूर दिसलाच पाहिजे. धूर नाही आणि आवाज टिपेला जाऊन गाडी मध्येच मरते, तर लगेच रिच करा.

लो नीडलसाठी इंजिन स्लोवर असताना कार्ब्युरेटरजवळ इंधनाची नळी चिमटीत दाबा. दोन-तीन सेकंदांनी रेस किंचित वाढून इंजिन बंद पडलं तर सेटिंग बरोबर. लगेच मेलं तर लीन. रेस खूप चढून चार-पाच सेकंद चालत राहिलं तर रिच.

प्लगजवळचं तापमान साधारण १०० ते १२० अंश सेल्सिअस असावं. इन्फ्रारेड थर्मामीटर नसेल तर हेडवर पाण्याचा एक थेंब टाका. क्षणात चर्र करून उडाला तर इंजिन जास्त तापलंय. तीन-चार सेकंदांत उकळून गेला तर ठीक. मुंबईत जमवलेलं सेटिंग महाबळेश्वरला नेऊ नका. १,३०० मीटरहून अधिक उंचीवर हवा विरळ, तिथे मिक्श्चर रिच पडतं आणि थोडं लीन करावं लागतं. परत खाली उतरलात की पुन्हा रिच करा, नाहीतर इंजिन भाजून निघेल.

थंड इंजिन एका झटक्यात सुरू होतं आणि गरम झाल्यावर मात्र काही केल्या होत नाही? हेडवर ओलं फडकं ठेवून थंड करा. आता सुरू झालं तर पिस्टन आणि स्लीव्ह (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) झिजलेत. नव्या इंजिनात पिस्टन वरच्या टोकाला घट्ट अडतो; तीच पकड गेलेली असते आणि ट्यूनिंगने ती परत येत नाही. पिस्टन-स्लीव्हचा सेट बदलणं हाच इलाज.

खेळ संपला की टाकी रिकामी करा, नळीतलं उरलेलं इंधन इंजिन चालवून जाळून टाका, प्लगच्या भोकातून आफ्टर-रन ऑइलचे (आतला गंज टाळणाऱ्या तेलाचे) चार-पाच थेंब सोडून दोरी दोन-तीनदा ओढा. गाडी ठेवताना फ्लायव्हील बोटाने फिरवून पिस्टन अगदी खाली आणून ठेवा.