हार्ड डिस्क आचके देतेय? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

जुना पीसी हळू झाला, मधेच हँग व्हायला लागला, एक फोल्डर उघडायला मिनिटभर घेऊ लागला की गावात पहिला सल्ला ठरलेला: "काही नाही भाऊ, फॉरमॅट मारून घ्या." व्हायरस असेल तर चालेलही. पण डिस्कच खराब होत असेल तर फॉरमॅटने ती सुधारत नाही. लग्नाचे फोटो आणि सातबाऱ्याचे स्कॅन मात्र जातात.

आधी डेटा बाहेर काढा, मग रोग शोधा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. लक्षण दिसलं की चेकडिस्क ही विंडोजची डिस्क-तपासणी लावतात आणि रात्रभर चालू ठेवतात. ती तपासणी डिस्कचा कानाकोपरा वाचते, खराब जागी पुन्हापुन्हा प्रयत्न करते. मरणपंथाला लागलेल्या डिस्कला एवढा ताण पेलत नाही. डीफ्रॅगचं, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे जुळवण्याचंही तेच. कॉपी करतानाही आधी कागदपत्रं, हिशेब, फोटो घ्या. सिनेमे राहिले तरी चालतील. विंडोज सुरूच होत नसेल तर लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणारी दुसरी सिस्टीम) लावून फाइली काढता येतात.

सर्वांत महागात पडणारी चूक वेगळीच आहे. "बॅकअप आहे ना, डी ड्राइव्हमध्ये ठेवलाय." अहो, घरच्या पीसीत सी आणि डी हे बहुधा एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही गेले! बॅकअप दुसऱ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर हवा. नेट बरं असेल तर गूगलच्या फुकट १५ जीबीत निवडक कागदपत्रं सहज मावतात.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर पुन्हापुन्हा चालू करून पाहू नका. पीसी बंद करा आणि डेटा लाखमोलाचा असेल तर थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. ती उघडून बघणं किंवा फ्रीजरमध्ये ठेवणं हे यूट्यूबी उपाय विसरा. आत गेलेला धुळीचा कण किंवा ओल उरलीसुरली आशाही संपवते.

डेटा निघाला की क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर चालवा. पिवळं 'कॉशन' दिसलं तर ०५, सी५ आणि सी६ या ओळी बघा; डिस्कवरच्या खराब जागांचा हिशेब तिथे असतो. तिथले आकडे वाढत असतील तर डिस्क बदलायचीच. सी७ या ओळीचा आकडा वाढत असेल तर मात्र दोष बहुधा डेटा केबलचा असतो. डिस्कपेक्षा केबल कितीतरी स्वस्त, म्हणून प्लग काढून आधी तीच बदलून पाहा.

जुन्या मशीनमध्ये आणखी एक फसवा दोष असतो. पीसी दरवेळी तारीख चुकीची दाखवत असेल तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी बहुधा संपली आहे. मग बायोसची (पीसी सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामची) सेटिंग मूळपदावर जाते, डिस्कशी बोलायची पद्धत काही मशीनवर एएचसीआयवरून जुन्या आयडीईवर जाते आणि विंडोज निळी स्क्रीन दाखवून थांबू शकतं. अशा वेळी डिस्क धडधाकट असते, पण दुकानात ती 'गेली' म्हणून सांगितली जाते.

आपल्याकडच्या हवेचं आणि लाइनीचं काय? मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि सीपीयूचा डब्बा टेबलाच्या बंद कप्प्यात कोंडलेला असतो. बऱ्याच डिस्कची कमाल मर्यादा ६० अंश असते. जिनिंगजवळच्या घरांत तर पंख्यावर कापसाचे तंतू बसतात, ते साफ करा. कूलरची ओली हवा थेट डब्ब्यावर सोडू नका. यूपीएसची बॅटरी मेलेली असेल तर तो नुसता शोभेचा; फाइल लिहिली जात असताना लाइन गेली की बिघाडाचा धोका असतो. थ्री-पिनचा अर्थिंगचा दांडा तोडून टू-पिनमध्ये खुपसायची सवयही सोडा.

नवीन डिस्क घ्यायचीच तर साटा केबलवर चालणारी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घ्या, जुना पीसीही चांगला पळतो. फक्त आत रुंद पट्टीची जुनी आयडीई केबल असेल तर ती थेट बसत नाही, एवढं दुकानात जाण्याआधी डब्बा उघडून बघून घ्या.