छत्री वरून बघू नका : रानातली अळंबी ओळखताना होणाऱ्या चुका

मृगाचा पाऊस होऊन आठ-पंधरा दिवस झाले की कास-बामणोली रस्त्याच्या कडेला, पाटणच्या डोंगरउतारांवर, तिकडे शिराळ्यापासून चांदोलीपर्यंतच्या झाडीत छत्र्या वर यायला लागतात. मग मोबाइलवर फोटो येतात : ‘ही कुठली? खाता येईल का?’ फोटो हमखास वरून काढलेला असतो. तेवढ्यावर जाणकार माणूस नाव सांगत नाही, आणि जो ठामपणे सांगतो त्याचं ऐकू नका.

सगळ्यात मोठी चूक हीच, वरचा रंग बघून ठरवणं. रंग सरीबरोबर धुपतो, उन्हात फिका पडतो. छत्रीवरचे पांढरे खवले एका जोराच्या पावसात निघून जातात. खरी ओळख असते छत्रीच्या खालच्या बाजूला आणि देठाच्या बुडाशी.

मला हे बामणोलीकडच्या एका आजींनी शिकवलं. त्यांच्या बांधावर अळंबी उगवली होती आणि मी देठ मोडायला वाकलो. “आरं लेकरा, मोडू नगंस. खालनं उकर,” म्हणाल्या आणि खुरप्यानं स्वतःच माती बाजूला करायला बसल्या. वीतभर उकरलं तरी देठ संपेना. निमुळता होत तो थेट वाळवीच्या घरात शिरला होता. वाळवी जमिनीखाली पालापाचोळ्याची, लाकडाच्या भुशाची स्पंजासारखी पोळी रचते. त्या पोळीवर ही बुरशी पोसली जाते आणि पावसात तिथूनच वर येते. शास्त्रात तिला टर्मिटोमायसिस म्हणतात. माती फोडून यायचं असल्यामुळे छत्रीच्या मधोमध बहुधा टोकदार उंचवटा असतो. आपल्याकडे ‘अळंबी’ म्हणून जी आवडीनं खाल्ली जाते ती बहुतेक हीच.

देठ मोडून घेतला तर हा सगळा पुरावा मातीतच राहतो. धोका तिथंच आहे. अमॅनिटा या गटातल्या काही जाती जगातल्या सगळ्यात जहरी अळंब्यांत मोडतात. या गटाची खूण म्हणजे देठाच्या बुडाशी असलेली पिशवी किंवा फुगीर गड्डा. बऱ्याच जातींत देठावर कडंही असतं. छत्रीखालचे पातळ पडदे बहुधा पांढरे असतात. बुडाची पिशवी जमिनीत राहिली की हातात उरते ती साधी, पांढरी, निरागस दिसणारी छत्री. पण पिशवी एवढी एकच खूणही पुरत नाही. भाताच्या पेंढ्यावर वाढवतात त्या खाण्याच्या अळंबीलाही पिशवी असते, फक्त तिच्या देठावर कडं नसतं आणि पडदे पुढं गुलाबी होतात. तीन-चार खुणा एकत्र जुळल्याशिवाय नाव घ्यायचं नाही.

‘वारुळावर आली म्हणजे खायची’ हाही असाच अर्धवट नियम. सोडून दिलेल्या वारुळातून काळ्या बोटांसारखी झायलॅरिया वर येते. जत, आटपाडीच्या कोरड्या माळावर वारुळावर उभट, न उघडणाऱ्या टोपीची पोडॅक्सिस दिसते. या दोन्ही बुरशी टर्मिटोमायसिसहून वेगळ्या.

बीजाणूंचा, म्हणजे पडद्यांतून झडणाऱ्या अळंबीच्या बारीक बियांचा, ठसा घेणं बहुतेकजण टाळतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण याला खर्च काहीच नाही. देठ छत्रीजवळ कापा. अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर छत्री पालथी न करता, पडदे खाली येतील अशी ठेवा आणि वर वाटी झाका. रात्रभरात कागदावर भुकटी पडते. टर्मिटोमायसिसची फिकट गुलाबी, अमॅनिटाची पांढरी. बागेत, मैदानातल्या गवतात पावसाळ्यात एक मोठी पांढरी, तपकिरी खवल्यांची छत्री येते, क्लोरोफायलम. कोवळी असताना तिचे पडदे पांढरे असतात, म्हणून लोक फसतात. खाल्ल्यावर काही तासांतच जोराच्या उलट्या-जुलाब होतात. पूर्ण उघडलेल्या छत्रीचा ठसा घेतला तर तो हिरवट पडतो. हा रंग दुसऱ्या फारशा कुठल्याच अळंबीत सापडत नाही.

आता घरगुती परीक्षा. चांदीचा चमचा काळा पडतो का, लसूण-कांद्याचा रंग बदलतो का, किड्यांनी किंवा गाईगुरांनी खाल्ली आहे का, यातल्या एकाही गोष्टीवरून विष कळत नाही. अमॅनिटातलं विष चांदीला ओळखू येत नाही, शिजवून जात नाही, वाळवूनही जात नाही. गोगलगाय तीच अळंबी खाऊन मजेत राहते. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानातली अळंबी खाऊन १३ जण दगावले. त्यांत लहान मुलं होती आणि बरेचजण चहामळ्यांतल्या कुटुंबांतले होते. अळंबी नवखी असलेली ही माणसं नव्हती, हे मला फार लागतं.

फोटोवरून ओळख सांगणाऱ्या मोबाइल ॲपनं दिलेलं नाव म्हणजे शोधायला सुरुवात, एवढंच धरा. फोटो चार काढा : वरून, खालून, उकरलेलं बूड, आणि आसपासची जमीन व झाड. शेजारी नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो. नुसतं हात लावल्यानं विष बाधत नाही, त्यामुळे बुटानं उडवून देऊ नका. नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला तर तासाभरात घाम सुटून चिकट होतो. कागदात गुंडाळा. कोयना अभयारण्यात आणि चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानात मात्र काही उपटायचं नाही, तिथं कायद्यानं मनाई आहे. फोटोवरच भागवा.

आणि कुणी चुकून खाल्लीच तर? उलट्या लवकर झाल्या म्हणून घाबरतात आणि उशिरा झाल्या म्हणून निर्धास्त राहतात. असतं उलट. अमॅनिटाचा त्रास सहा ते बारा तासांनी, कधी त्याहून उशिरा सुरू होतो. मग एखादा दिवस बरं वाटतं आणि आत यकृत निकामी होत जातं. बरं वाटतंय म्हणून दवाखाना टाळू नका. त्रास सुरू होण्याचीही वाट न बघता १०८ ला फोन करा आणि उरलेली अळंबी, शिजवलेली असली तरी, डब्यात घालून सोबत न्या. किती वाजता खाल्ली तेही डॉक्टरांना सांगा. त्याच जेवणाला बसलेल्या सगळ्यांना घेऊन जा, ज्यांना अजून काही होत नाही त्यांनाही.