पीएचपीचं स्वतःचं एक्स्टेन्शन: बांधा, तपासा, मगच बसवा

एक्स्टेन्शन (पीएचपीला नवी फंक्शन्स देणारा, सी भाषेत लिहिलेला जोड) म्हटलं की लोक सी भाषेला घाबरतात. डोकं खातो तो मात्र दुसराच प्रश्न: बांधतोय ते नक्की कुठल्या पीएचपीसाठी? म्हणून कोडला हात लावण्याआधी मी ‘पीएचपी -व्ही’ आणि ‘पीएचपी-कॉन्फिग --व्हर्जन’ चालवून आवृत्तीचे आकडे ताडून बघतो. डेबियन-उबुंटूवर ही दुसरी कमांड ‘पीएचपी-डेव्ह’ पॅकेजमधून येते.

सांगाडा हाताने लिहीत बसू नका. पीएचपीच्या सोर्समधल्या ‘एक्स्ट’ फोल्डरात ‘एक्स्ट_स्केल.पीएचपी’ ही सांगाडा बनवणारी स्क्रिप्ट आहे, तिला फक्त एक्स्टेन्शनचं नाव द्या, समजा ‘मोजणी’ (लिहायचं रोमन लिपीत, लहान अक्षरांत). तयार फाइलींत ‘टेस्ट१’ आणि ‘टेस्ट२’ ही फंक्शन्स आयती मिळतात. आधी तीच बांधा: ‘पीएचपीआइझ’ (फोल्डर बांधणीसाठी तयार करणारी कमांड), ‘कॉन्फिगर’, ‘मेक’. ‘मॉड्यूल्स’ फोल्डरात ‘मोजणी.एसओ’, म्हणजे बांधून तयार झालेलं एक्स्टेन्शन, दिसली पाहिजे. ती पीएचपीत बसवणाऱ्या ‘मेक इन्स्टॉल’ची घाई नको. ‘पीएचपी -डी’ला ‘एक्स्टेन्शन=’ आणि त्या फाइलचा पूर्ण पाथ दिला की न बसवताही ती चालवून बघता येते.

मग स्वतःचं फंक्शन. त्याची सिग्नेचर (नाव, आर्ग्युमेंट्स, परतीचा प्रकार) स्टब फाइलमध्ये, काम सी फाइलमध्ये. खरी मेख स्ट्रिंगमध्ये आहे. आर्ग्युमेंट म्हणून आलेली स्ट्रिंग उसनी असते, ती रिलीज करायची नाही. तीच परत द्यायची असेल तर ‘रिटर्न_एसटीआर_कॉपी’ वापरा, म्हणजे रेफरन्स काउंट (ती स्ट्रिंग किती ठिकाणी वापरात आहे त्याचा आकडा) एकाने वाढतो. नुसतं ‘रिटर्न_एसटीआर’ लिहिलंत तर एकच स्ट्रिंग दोनदा मोकळी होऊ शकते. आणि असं क्रॅश लगेच होत नाही, भलत्याच ओळीवर होतं! नवी तयार केलेली स्ट्रिंग परत देताना मात्र ‘रिटर्न_एसटीआर’च बरोबर.

समाधान झालं की ‘सुडो मेक इन्स्टॉल’, आणि आयएनआय फाइलमध्ये (पीएचपीच्या सेटिंग्जची फाइल) ‘एक्स्टेन्शन=मोजणी’. पीएचपी ७.२ पासून ‘.एसओ’ लिहावं लागत नाही. कुठली फाइल वाचली जातेय ते ‘पीएचपी --आयएनआय’ सांगतं, पण फक्त कमांड लाइनपुरतं. एफपीएमची (वेबसाइटसाठी पीएचपी चालवणारी सेवा) आयएनआय बहुधा वेगळी असते. तिथेही ओळ घाला आणि एफपीएम रीस्टार्ट करा. ‘पीएचपी -एम’च्या यादीत (कमांड लाइनवर लोड झालेली एक्स्टेन्शन्स) नाव दिसलं म्हणून वेबसाइटवरही चालेल असं समजू नका.

पीएचपी ८.२ वरून ८.३ वर गेलात की जुनी ‘.एसओ’ लोड होणार नाही. एपीआयचा आकडा (एक्स्टेन्शन आणि पीएचपी जुळतात का ते ठरवणारा) २०२२०८२९ वरून २०२३०८३१ झालेला असतो आणि वॉर्निंगमध्ये दोन्ही आकडे छापून येतात. सोर्स फोल्डरात ‘पीएचपीआइझ --क्लीन’ करा आणि नव्या आवृत्तीच्या पीएचपीआइझने पहिल्यापासून बांधा.