पोरांना घेऊन दक्षिण मुंबई पायी फिरताना

भर दुपारी मरीन ड्राइव्ह गाठलं की पोरं रडकुंडीला येतात, आमचं दोनदा झालंय. आता क्रम असा ठेवतो:

१. सकाळी लवकर सीएसएमटीला उतरा, डी. एन. रोडच्या जुन्या बिल्डिंगांच्या कमानीखालून चाला, सावली असते, तसंच हुतात्मा चौक, काळा घोडा करत गेटवे.
२. दुपारी उन्हाच्या वेळी काळा घोड्याचं छत्रपती शिवाजी महाराज म्युझियम, बसायलाही मिळतं आणि बाथरूमचाही प्रश्न सुटतो (हे आई-आजीला विचारा!).
३. ऊन उतरलं की ओव्हल मैदानावरून मरीन ड्राइव्ह, सूर्यास्त तिथेच.
४. परतीला चर्चगेट, लोकल तिथूनच सुटते म्हणून बसायला जागा मिळायचा चान्स जास्त.

फक्त रविवारी मेगाब्लॉक (रेल्वेच्या दुरुस्तीसाठी काही लोकल बंद असतात तो) बघून निघा, आणि वर्किंग डेला संध्याकाळी चर्चगेटच्या गर्दीत लहान पोरं घेऊन शिरू नका, आठनंतर निघा.