उन्हाळ्यातली बासुंदी: आटवणं सोपं, निववणं कठीण

दहा लिटर म्हशीचं दूध, जाड बुडाचा गंज, बूड लागू न देता निम्मं होईपर्यंत आटवा, मग साखर. झालं. हे सगळ्यांनाच येतं.

खरी मेख पुढे आहे. नागपुरात मे महिन्यात रात्री अकरालाही ओटा तापलेलाच असतो. अशात ‘झाकून ठेवा, सकाळपर्यंत आपोआप निवते’ असं सांगणाऱ्याला आधी त्यातली एक वाटी पाजावी. भाच्याच्या मुंजीत मीही बासुंदी अशीच रात्रभर झाकून ठेवली होती. पिस्ते कापताना अंगठा कापला, वर चिंधी गुंडाळली आणि त्याच हाताने कोमट बासुंदी ढवळली, बोटाने चाखलीसुद्धा. सकाळी पुन्हा खळखळून उकळली. वास ठीक, चव ठीक. बाराला पंगत उठली, तीनपासून उलट्या सुरू. डॉक्टरांनी काय काय खाल्लं ते विचारलं आणि मग माझ्या अंगठ्याकडे पाहिलं.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस. सूक्ष्मदर्शकाखाली द्राक्षाच्या घडासारखा दिसणारा हा जंतू साधारण दहातल्या तिघांच्या नाकात काही त्रास न देता मुक्कामाला असतो. गळवात, चिघळलेल्या जखमेत तर त्याची जत्राच. दूध आटताना तो मरतो. येतो तो नंतर, आपल्याच हातून. कोमट दुधात तो भराभर वाढतो आणि वाढता वाढता विष सोडतो. पुन्हा उकळलं की जंतू मरतात, पण विष अर्धा तास उकळूनही जात नाही. गोड आहे म्हणून टिकेल, या भ्रमातही राहू नका. मीठ-साखर इतर जंतूंना जड जाते, याला फारशी नाही.

म्हणून गॅस बंद केल्याबरोबर बासुंदी तीन-चार परातींत ओता, दोन बोटं खोल, जास्त नाही. परात बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि स्वच्छ डावाने ढवळत राहा. बर्फ वितळला की नवा घाला, पण ते पाणी आत उडू देऊ नका. दोन तासांच्या आत परातीचं बूड हाताला गार लागलं पाहिजे. मग लहान डब्यांत भरून फ्रिजमध्ये. गरम गंज तसाच फ्रिजमध्ये कोंबाल तर मधला भाग पहाटेपर्यंत कोमट राहतो. आणि कूलरसमोर ठेवायचं तर नावच काढू नका, सगळी धूळ आत.

ज्याच्या हाताला कापलंय किंवा केसतोड झालंय, त्याला खुर्च्या मांडायला पाठवा. चाखायची तर वाटीत काढून. सुकामेवा चमच्याने.

वाढताना एकेक डबा काढा. तासभर उन्हाळ्यात बाहेर राहिलेली बासुंदी शेजारी वाटू नका, फेका.

एवढं करूनही जेवणानंतर काही तासांत कोणाला उलट्या झाल्याच, तर मीठ-साखरेचं पाणी घोट घोट द्या. बहुतेकांना दिवसभरात उतार पडतो. लहान मूल, म्हातारं माणूस किंवा लघवी बंद झालेलं कोणी असेल तर थेट दवाखाना. घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या देऊ नका, विषावर त्या चालत नाहीत.