मृत्युपत्र आणि मागची निरवानिरव: या चुका टाळा

माझ्या मामांनी मृत्युपत्र वेळेवर केलं होतं. स्वच्छ अक्षरात, स्वतःच्या हातानं. साक्षीदार म्हणून त्यांनी सकाळच्या फिरण्यातले दोन जिवलग मित्र निवडले. मामा तेव्हा सत्तरीत होते आणि मित्र त्यांच्याहून चार-पाच वर्षांनी मोठे. मामा गेले तोवर एक मित्र गेले होते, दुसऱ्यांना स्मृतिभ्रंश झाला होता. मृत्युपत्रात व्यवस्थापक म्हणून, म्हणजे त्याप्रमाणे देणी फेडून वाटप करून देणारा म्हणून, माझं नाव होतं. एका नातेवाइकानं हरकत घेतली आणि वकिलांनी मला पहिला प्रश्न विचारला, "साक्षीला कोण उभं राहणार?"

पुढची दोन वर्षं जे शिकलो ते लिहितोय. मृत्युपत्र वाचलं जातं तेव्हा ते करणारा खुलासा करायला नसतो. म्हणून प्रत्येक ओळ लिहिताना आणि प्रत्येक सही घेताना तो दिवस डोळ्यांसमोर हवा.

साक्षीदार निवडताना

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 नुसार मृत्युपत्राला किमान दोन साक्षीदार लागतात. करणाऱ्यानं त्यांच्यासमोर सही करायची, किंवा आधी केलेली सही आपलीच आहे असं त्यांना सांगायचं आणि मग दोघांनी करणाऱ्याच्या देखत सह्या करायच्या. साक्षीदारानं आतला मजकूर वाचायची गरज नसते. हे माहीत नसल्यानं अनेक जण घरातलं बाहेर जाईल या भीतीनं मुलाला, सुनेला नाहीतर जावयालाच सही करायला बसवतात. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांत तर साक्षीदाराला किंवा त्याच्या पती-पत्नीला दिलेली देणगी रद्द ठरते. हिंदूंना ते कलम लागू नाही, पण संशयाला जागा राहते आणि भांडण तिथूनच पेटतं.

साक्षीदार वयानं आपल्यापेक्षा लहान, गावात टिकून राहणारे आणि कोर्टात यायची तयारी असलेले हवेत. त्यांचे पूर्ण पत्ते लिहा. वाद झाला तर निदान एका साक्षीदाराला साक्ष द्यावी लागते. दोघंही नसतील तर मृत्युपत्र लगेच बाद होत नाही. एका साक्षीदाराचं अक्षर आणि करणाऱ्याची सही सिद्ध करता येते. आम्ही तेच केलं. गेलेल्या मित्रांच्या मुलानं कपाट उपसून वडिलांच्या सहीची जुनी पत्रं आणि एक रद्द केलेला चेक शोधून दिला. त्या एका चेकवर आमचं किती अडलं होतं, ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

मजकुरातल्या चुका

मामांच्या मृत्युपत्राच्या दुसऱ्या पानावर एका रकमेवर व्हाइटनर लावून नवा आकडा घातलेला होता. शेजारी सही नाही. हेतू सरळ होता, ठेवीची मुदत संपून रक्कम बदलली होती. पण सही झाल्यानंतरच्या खाडाखोडीजवळ करणाऱ्याची आणि दोन्ही साक्षीदारांची सही नसेल तर ती दुरुस्ती धरली जात नाही. बदल करायचा असेल तर साक्षीदारांसह पुरवणी मृत्युपत्र करा. त्याहून चांगलं म्हणजे सगळं नव्यानं लिहा आणि "याआधीची सर्व मृत्युपत्रं मी रद्द करत आहे" हे वाक्य घाला. प्रत्येक पानावर सही आणि पान क्रमांक असू द्या.

दुसरी मोठी चूक म्हणजे आज जे आहे तेवढंच लिहायचं. पुढे दहा वर्षांत नवी ठेव होते, गावाकडे चार गुंठे घेतले जातात. "वर न लिहिलेली आणि पुढे माझ्या नावावर येणारी बाकी सर्व मालमत्ता अमुक व्यक्तीला" असं कलम नसेल, तर ते सगळं मृत्युपत्राबाहेर राहून वारसा कायद्यानं वाटलं जातं. हिंदू पुरुष गेला तर पत्नी आणि मुलामुलींइतकाच वाटा त्याच्या हयात आईलाही मिळतो, हे पुष्कळांच्या गावीही नसतं.

वडिलोपार्जित एकत्र जमीन आपली एकट्याची समजून वाटणी लिहू नका. त्यातला फक्त स्वतःचा हिस्सा मृत्युपत्रानं देता येतो. आणि एखाद्या मुलाला काहीच देणार नसाल तर कारण एका ओळीत लिहा: "त्याच्या घरासाठी मी आधीच पैसे दिले आहेत." नुसतं गाळलेलं नाव कोर्टाला आणि त्या मुलालाही बोचतं. मुस्लीम कुटुंबांत वारसांच्या संमतीशिवाय साधारण एक तृतीयांशाहून जास्त देता येत नाही. गोव्यात तर कायदाच वेगळा आहे. तिथे मुलंबाळं असतील तर आपल्या मालमत्तेतला अर्धाच भाग मनासारखा देता येतो, म्हणून मुंबईच्या वकिलाचा मसुदा म्हापशाच्या घराला लावू नका.

नोंदणी ऐच्छिक आहे आणि मुद्रांक शुल्क लागत नाही. तरी दुय्यम निबंधकांकडे नोंदवाच, असं माझं मत आहे. वय जास्त असेल तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं शुद्धीवर असल्याचं प्रमाणपत्र जोडा.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

यावरून जितकी भावंडं दुरावलेली मी पाहिली, तितकी दुसऱ्या कशावरून नाही. नॉमिनी म्हणजे पैसे किंवा फ्लॅट ताब्यात घेणारा विश्वस्त. मालकी मृत्युपत्रानं किंवा वारसा कायद्यानं ठरते. कंपन्यांच्या शेअरबाबत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या कायद्यात 2019 पासून तर नॉमिनीला तात्पुरता सभासद असाच शब्द आहे. विम्याचे नियम 2015 पासून थोडे वेगळे आहेत, तेवढे तपासून घ्या. नॉमिनी आणि मृत्युपत्रातलं नाव एकच ठेवलं तर निम्मी कटकट मिटते.

माणूस गेल्यानंतर

पहिली चूक पहिल्याच आठवड्यात होते: वडिलांचं एटीएम कार्ड वापरून खर्च भागवणं, त्यांच्या फोनवरून पैसे वळते करणं. हेतू कितीही चांगला असो, खातेदार गेल्यावर त्या खात्याला हात लावू नका. नंतर दुसरा वारस स्टेटमेंट पुढे ठेवतो आणि उत्तर देता येत नाही. अंत्यविधीचा खर्च आपल्या खिशातून करा, पावत्या जपा. तो खर्च आणि शेवटच्या आजारपणाची बिलं मालमत्तेतून सर्वांत आधी फेडली जातात.

मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करा आणि दाखल्याच्या दहा तरी प्रती घ्या. नावातला फरक तिथेच पकडा. आधारवर एक, सातबाऱ्यावर दुसरं आणि दाखल्यावर तिसरं नाव असेल तर प्रत्येक खिडकीवर प्रतिज्ञापत्र मागतात.

व्यवस्थापकानं आधी देणी फेडायची आणि मग वाटप करायचं. मामांचं सोनं मी मावशीला लगेच देऊन टाकणार होतो. वकिलांनी थांबवलं, आणि महिन्याभरानं एका पतसंस्थेच्या कर्जाची नोटीस आली. आधी वाटून बसलो असतो तर भरपाई माझ्या अंगावर आली असती. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याची कोर्टाची मोहोर, घेतलं असेल तर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात हिशेब कोर्टात द्यावा लागतो. मृत व्यक्तीचं प्राप्तिकर विवरणपत्रही भरायचं असतं. वारसा कर मात्र भारतात नाही, इस्टेट ड्यूटी 1985 मध्येच गेली.

प्रोबेटबद्दल जुन्या सल्ल्यावर विसंबू नका. मुंबईतल्या मृत्युपत्रांना आणि मालमत्तेला ते वर्षानुवर्षं सक्तीचं होतं. डिसेंबर 2025 मध्ये संसदेनं सक्तीचं ते कलमच काढून टाकलं. वाद असेल तर प्रोबेट आजही कामाचं आहे. कोर्टाची मोहोर लागली की बँकेला आणि सोसायटीला कारण उरत नाही. मृत्युपत्रच नसेल तर आणखी एक गफलत होते. उत्तराधिकार प्रमाणपत्र बँकेतल्या ठेवी, शेअर, येणी यांच्यासाठी असतं. घर-जमिनीसाठी वारस दाखला लागतो. आधी विचारा, मग अर्ज करा; चुकीच्या कागदात सहा-आठ महिने जातात.

शेतीची वारस नोंद तीन महिन्यांत कळवायची असते. तलाठी कार्यालयात अर्ज देताना मृत्युपत्राची प्रत जोडा, नाहीतर सगळ्या वारसांची नावं लागतात आणि मग निस्तरत बसावं लागतं. फेरफार मंजूर झाला म्हणजे मालकी सिद्ध झाली असंही नाही. ती महसुली नोंद आहे.

आणि एक कळकळीची विनंती: तेराव्याच्या दिवशी बहिणीपुढे हक्कसोड पत्र ठेवू नका. तिला सोडायचा असेल तर ती सोडेल, पण वाचून, विचार करून, निबंधकांसमोर नोंदणी करून. डोळ्यांत पाणी असताना घेतलेली सही घर तोडते.

कागद आहेत कुठे?

मृत्युपत्र लॉकरमध्ये ठेवू नका. लॉकर एकट्याच्या नावावर असेल आणि नॉमिनी नसेल तर तो उघडायला वारसाचा पुरावा लागतो आणि पुरावा आत असतो. जिल्हा निबंधकांकडे सीलबंद पाकिटात ठेवायची सोय आहे. मूळ प्रत कुठे आहे हे व्यवस्थापकाला तोंडी सांगा, आणि त्याला हे काम जमणार आहे का हेही विचारा. मला कुणी विचारलं नव्हतं. खाती, ठेवी, पॉलिसी, उसने दिलेले-घेतलेले पैसे यांची यादी दर दिवाळीला नव्यानं करा. मामांनी ती एका वहीत केली होती, शेवटची तारीख 2014 ची. त्यानंतरच्या दोन ठेवी आम्हाला पासबुकातल्या व्याजाच्या नोंदींवरून सापडल्या. तिसरी होती की नाही, हे आम्ही रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर अजून बघतो आहोत. दहा वर्षं कुणी न विचारलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. तिथून ती परत मागता येते, फक्त ती आहे हे कुणाला तरी ठाऊक असायला हवं.